मी शिकवलेलं रडणं

नेरळच्या उत्सवात झालेल्या त्या नाटकात सरदाराची बायको ज्या चालीने पुढे आली, ती चाल माझी होती. इतकी वर्षं हे मी चारचौघांत बोलले नाही. पण बोलले नाही म्हणून ते खोटं ठरत नाही. मी पुढे गवत आणि भात यांचा व्यापार केला. कर्जतपासून कळंबपर्यंतचे दलाल माझ्याशी भाव ठरवायला येताना आधी पोटभर जेवून येतात, कारण माझ्या ओट्यावर सौदा लवकर तुटत नाही. माझी मुलं म्हणतात, "आई, आता तो माणूस म्हातारा झालाय, सोडून दे." म्हातारी मीही झाले आहे. त्याला मुभा आणि मला उपदेश, हा कुठला न्याय? म्हणून हे प्रकरण मी मुलांना न विचारता लिहिते आहे.

आम्ही पोशीरचे. घर कुडाच्या भिंतींचं, पुढे पडवी, मागे आंब्याचं एक झाड, आणि पडवीच्या कोपऱ्यात जमिनीत पुरलेलं उखळ. मला आठवतं तेव्हापासून त्या घराचा आवाज म्हणजे मुसळाचा आवाज. पहाटे आई कांडायला उभी राहायची. मुसळ वर जाताना तिच्या बांगड्या खाली सरकायच्या, मुसळ खाली येताना वर. बांगड्यांचा आणि मुसळाचा तो जोडीचा ठेका झोपेत कानात शिरायचा आणि मी त्यावर कूस बदलायची. सकाळी तांदळाची भाकरी आणि सुकट, दुपारी पेज. वाल निघाले की चार दिवस बिरडं, तेव्हा घर श्रीमंत वाटायचं. माझे वडील, आबा, होते तोवर असं चाललं. एका भादव्यात आबांना हिवताप झाला आणि ते आठ दिवसांत गेले. वैद्याने यायला दोन दिवस लावले होते. मी रडले नाही. मी वैद्याच्या गावी चालत गेले आणि त्याच्या दारावर दगड मारले. मला धरून घरी आणलं तेव्हा आबांना नेलेलं होतं. माझा स्वभाव असा आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि गावालाही.

आई मात्र रडली, आणि ते रडणं मी पाहिलं. आबांना नेऊन चार दिवस झाले होते. आल्यागेल्यांची वर्दळ थांबली होती. आई सूप घेऊन तांदूळ पाखडायला बसली. पाखडता पाखडता तिचा हात थांबला. तिने श्वास आत घेतला आणि तो बाहेरच येईना. मग आवाज आला, तोही बारीक नव्हता. पोटाच्या तळातून आलेला जाडसर, सपाट आवाज, त्याला ना हेल ना शब्द. आणि हात? हात पुन्हा सुपात गेला, खडा शोधू लागला. खडे नव्हतेच. तरी बोटं तांदळातून फिरत राहिली. बऱ्याच वेळाने ती एवढंच म्हणाली, "आता एवढा भात कोनासाठी शिजवू?" मी दाराशी उभी होते. तिने मला पाहिलं नाही.

त्यानंतर आई नेरळला मास्तरांच्या घरी कांडपाला जाऊ लागली. मास्तर म्हणजे तिथल्या शाळेचे मोठे गुरुजी. माणूस भला, पिढ्यान्‌पिढ्या नेरळात राहिलेलं घर, पुढे ओटी, मागे परसू, परसात उखळ. आई कांडायची, मी डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर पाटी घेऊन तांदूळ, लाकूडफाटा, भाजी अशी ने-आण करायची. मी तेव्हा तेराचौदा वर्षांची असेन. शाळा दुसरीत सुटलेली.

मास्तरांचा धाकटा मुलगा दिगंबर. वय अठराच्या आसपास, रंगाने गोरा, मानेने लांब, आणि आपण देखणे आहोत हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. उत्सवात गावातले तरुण दरसाल नाटक बसवायचे आणि त्या वर्षी बाईचं काम दिगंबरला मिळालं होतं. नाटक बसवायला तात्या होते. तात्या तरुणपणी कुठल्याशा नाटक मंडळीत पेटी वाजवायचे. आता गावात अर्ज लिहून द्यायचे, पण बोलायचे असे की जणू मंडळी उद्या त्यांना न्यायला गाडी पाठवणार आहे. परसातल्या फणसाखाली तालीम चालायची. दिगंबर कंबर लचकवत चालायचा, नाकातून बारीक आवाज काढायचा, बोलताना दोन्ही हात छातीशी धरून उंदरासारखे हलवायचा. तात्या कपाळाला हात लावायचे.

एकदा मी पाटी घेऊन मागच्या बांधावरून येत होते. पाटीत वालाच्या शेंगा होत्या, वर मडक्यात ताक. तात्या ओरडले, "दिगू, ती बघ! ती बघ कशी येते! मडकं हलत नाही बघ!" दिगंबर म्हणाला, "ती काय तात्या, कांडपवालीची मुलगी." तात्या म्हणाले, "अरे, मग तू कोण आहेस? तुला ताक सांभाळता येतं का डोक्यावर?" सगळे हसले. मला फार बरं वाटलं. अंगाचं कौतुक त्याआधी कोणी केलं नव्हतं. आमच्यात अंग कामाचं असतं, कौतुकाचं नसतं.

दुसऱ्या दिवशी दिगंबर परसात मला एकटीला गाठून म्हणाला, "चंद्रे, मला तसं चालायला शिकव."

"मला काय मिळंल?"

"काय मिळेल म्हणजे? गूळ देईन."

"गूळ आमच्याकडं बी हाय."

"मग काय हवं तुला?"

मी आदल्या रात्रीच ठरवून ठेवलं होतं. "मला वाचाया शिकवायचं. पाटीवरची अक्षरं नाय, छापलेलं. आनि नाटकाला माझी आई आनि मी पुढं बसनार, तुमच्या घरच्या बायकांच्या शेजारी."

तो हसला. "बराच भाव आहे की तुझा!"

"मंग कंबर हालवा तशीच," मी म्हणाले आणि पाटी उचलली. दहा पावलं गेले नाही तोच त्याने हाक मारली. आयुष्यातला माझा पहिला सौदा मी असा जिंकला, आणि पाटी उचलून चालू लागण्याचा तो डाव मी पुढे पन्नास वर्षं वापरला.

शिकवणं सोपं नव्हतं. मला चालता येत होतं, पण आपण कसं चालतो हे मला कुठे माहीत होतं? मी आधी स्वतःलाच पाहायला शिकले. बांधावर चालायची, थांबायची, पाय कुठे पडला ते बघायची. मग त्याला सांगायची. "तुमी खांद्यानं चालता. खांदे घरी ठेवा." "कंबर हालवू नका, पाटी पडंल. बाई कंबर हालवत नाय, बाप्याला तसं दिसतं." त्याच्या डोक्यावर पाण्याचं मडकं देऊन त्याला मी बांधावरून चालवलं. पहिल्या दिवशी तीन मडकी फुटली. त्याच्या आईने मला विचारलं तेव्हा मी मांजरावर ढकललं. हळूहळू त्याची मान ताठ न होता सरळ झाली. टाच आधी टेकायची, मग चवडा, आणि गुडघा किंचित मऊ ठेवायचा, म्हणजे वरचं पाणी डचमळत नाही, हे त्याला उमगलं. लुगड्यात बसायचं कसं, उठताना हात जमिनीला कुठे लावायचा, पदर सावरताना मान कुठे वळते, हसताना तोंडाआधी डोळे कसे मिटतात, हे सगळं मी त्याला दिलं. बाईचे हात मोकळे नसतात, हे सांगितलं. बोलतानाही ती काहीतरी निवडत असते, पुसत असते, दोरा गुंडाळत असते. आवाजासाठी त्याला ओढ्याच्या एका काठावर उभं करून मी पलीकडे गेले आणि म्हणाले, "आता मला जेवाया हाक मारा." त्याने नाकातून हाक मारली. मला ऐकूच आली नाही. "आमचा आवाज बारीक नसतो," मी इकडून ओरडले, "बारीक आवाजानं गुरं घरी येत नाय!" महिन्याभराने त्याची हाक पोटातून यायला लागली. जोर तोच, पण कडा मऊ. तात्यांनी पेटीवर सूर धरून पाहिला आणि त्याची पाठ थोपटली.

त्याच्या बाजूने त्यानेही सौदा पाळला, अर्धा. मला वाचायला शिकवलं. मी आज हे लिहिते आहे त्यातली अक्षरं त्याच परसातली आहेत, हे मी नाकारत नाही. लोक म्हणतात, त्याचे उपकार मान. उपकार कसले? मी त्याला पाय दिले, त्याने मला अक्षरं दिली. तिथे फिटलं. मी सांगते आहे ते त्याच्या पुढचं आहे.

नाटकाच्या तिसऱ्या अंकात सरदार लढाईत पडल्याची बातमी येते आणि त्याची बायको रडते. सगळं नाटक त्या रडण्यावर उभं होतं. दिगंबरला रडता येईना. तो छाती बडवायचा, केस सोडायचा, आणि तात्या म्हणायचे, "दात दुखतोय का रे?" मग तो माझ्याकडे आला. मी चार दिवस नाही म्हणाले. मला एकच रडणं ठाऊक होतं आणि ते माझं नव्हतं. पाचव्या दिवशी तो परसातल्या दगडावर डोकं धरून बसला होता. म्हणाला, "चंद्रे, मला हे काम गमवायचं नाही गं. आयुष्यात दुसरं काही येत नाही मला." एवढं खरं बोलताना मी त्याला पहिल्यांदा ऐकलं. मी सूप आणलं. आत जाणारा श्वास, अडकलेला आवाज, सुपातून फिरणारी बोटं, सगळं दाखवलं. कोणाचं आहे तेही सांगितलं. आणि म्हणाले, "हे जपून वापरा. आईला सांगू नका." तो म्हणाला, "शपथ." दुसऱ्या दिवशी तालमीत त्याने ते केलं तेव्हा तात्यांनी पेटी थांबवली आणि उपरण्याने डोळे पुसले. मी फणसामागे उभी होते. मला वाटलं, आबांसाठी एक माणूस आणखी रडला.

त्यानंतर पाचसहा दिवस गेले असतील. दुपारची वेळ होती. आई परसात कांडत होती आणि मी भाजीची पाटी घेऊन पुढच्या अंगणातून आले. ओटीवर दिगंबरचे चार मित्र बसले होते आणि हसत होते. दिगंबर मध्ये, डोक्यावर टॉवेलचा पदर, मांडीवर सूप. "आता एवढा भात कोनासाठी शिजवू गं बाय," असं आमच्या बोलीत हेल काढून तो रडत होता, मध्येच नाक शिंकरत होता, आणि रडता रडता सुपातले तांदूळ चिमटीने तोंडात टाकून चघळत होता. मित्र लोळत होते. तात्या नुकतेच आले होते. त्यांनी विचारलं, "पण दिगू, तालमीतलं ते रडणं उचललंस कुठून?" दिगंबर म्हणाला, "ते मुंबईला एका मोठ्या नटाकडून शिकलो. हे वेगळं. ही आमच्या कांडपवालीची गंमत." आणि पुन्हा चिमूटभर तांदूळ तोंडात टाकले.

मागून मुसळाचा आवाज येत होता. आई कांडता कांडता काहीतरी गुणगुणत होती. तिला काही ऐकू गेलं नाही. एवढी एकच गोष्ट देवाने त्या दिवशी बरी केली. वैद्याच्या दारावर दगड मारणारी मी, त्या दिवशी दगड उचलला नाही. दगड मारला असता तर कारण सांगावं लागलं असतं आणि कारण आईपर्यंत गेलं असतं. मी पाटी उतरवली, शेंगा ओतल्या, आणि आईसोबत घरी आले. वाटेत ती म्हणाली, "आज गप का गं?" मी म्हणाले, "पाय दुखतात." त्या रात्री मी जेवले नाही. राग गिळून ठेवता येतो आणि तो आंबत नाही, उलट मुरतो, हे मला तेव्हा कळलं.

माझी वेळ त्यानेच आणली. दोन दिवसांनी तो परसात आला, तोंड उतरलेलं. झालं असं होतं की तालमीत तो आईचं रडणं रडायला बसला की ओटीवरचे ते चार मित्र फिसकन हसायचे. त्यांना तांदूळ चघळणं आठवायचं. ते हसले की हाही हसायचा. चांगला माल याने स्वतःच नासवला होता आणि आता दुसरा मागायला आला होता.

"दुसरं काही रडणं आहे का गं?"

मी शेण सारवत होते. मान वर केली नाही. "मी म्हननारच होते. ते गरिबाघरचं रडनं. तुमची बाई सरदारीन. ती काय सूप घेऊन बसनार हाय?"

"तेच ना! मलाही तेच वाटत होतं."

"मोठ्या घरच्या बायका येगळ्या रडतात. मी पायलंय. पन ते अवघड हाय, तुमाला जमनार नाय."

"का नाही जमणार? दाखव तरी."

"नको. जाऊ द्या."

त्याने तीनदा विनवलं, तेव्हा मी उठले. गिऱ्हाईकाला हलका माल द्यायचा तर तो आधी नाकारायचा असतो, आणि उंची म्हणून द्यायचा असतो. हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

मी त्याला सासूचं रडणं शिकवलं. ते काय असतं हे आमच्याकडच्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही, आणि कुठल्याही पुरुषाला ठाऊक नसतं, कारण त्या वेळी पुरुष बाहेर तिरडी बांधत असतात. छळून छळून सासू एकदाची मरते. माहेरी गेलेल्या सुनेला निरोप जातो. ती वाटभर गप्पा मारत येते. घर दिसलं की पदर नाकापर्यंत ओढते आणि "आत्याबाई गं" म्हणून असा उंच हेल काढते की कौलावरचे कावळे उडावेत. मग कपाळावर हात मारते, तो असा की कपाळाला लागत नाही, बांगड्या तेवढ्या वाजतात. दोन हेलांच्या मध्ये जरा थांबते, पदराची कड दोन बोटांनी उचलते, आणि डावीकडून उजवीकडे सगळ्यांवर नजर फिरवते. कोण आलं, कोण बघतंय, म्हातारीच्या हातातल्या पाटल्या कोण काढतंय. पदर पडतो, पुन्हा हेल. प्रत्येकीने कधी ना कधी हे केलेलं असतं, आणि कोणी कोणाला त्यावरून बोलत नाही. मी ते लहानपणापासून किती घरांत पाहिलं होतं. त्याला मी ते नीट शिकवलं. चालण्यापेक्षाही नीट. पदर किती उचलायचा, नजर कुठून कुठे न्यायची, हेल कुठे तोडायचा. तो मन लावून शिकला. अंग त्याचं हुशारच होतं. तात्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "वा! याला म्हणतात खानदानी शोक!"

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. रॉकेल मिळत नव्हतं, बत्त्या पेटवणार कशाने? म्हणून त्या साली नाटक दुपारी ठेवलं, देवळापुढच्या पटांगणात मंडप घालून. लख्ख उजेड. पोशीर, कळंब, कुठून कुठून बैलगाड्या आल्या होत्या. उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका. आम्हाला पुढे जागा नव्हती. मास्तरांच्या घरच्या बायकांशेजारी सतरंजी रिकामी होती, पण दिगंबरचा मित्र म्हणाला, "तुमचं नाव सांगितलेलं नाही, मागे बसा." आम्ही मागे गाड्यांपाशी बसलो. आई म्हणाली, "दिसतंय की इथून." मला फक्त एक गोष्ट अजून दुखत होती, की मी जे केलं ते जरा जास्त तर झालं नाही ना. त्या सतरंजीने ते दुखणं काढून टाकलं.

पडदा वर गेला आणि तो आला. खोटं कशाला लिहू? मंडप गप्प झाला. शालू, नथ, केसांचा टोप, आणि ती चाल. शेजारची बाई म्हणाली, "अगो, खरीच बाई आनली काय?" माझे पाय माझ्यापुढे चालत होते आणि लोक श्वास धरून बघत होते. दोन अंक तो असा चालला, बसला, बोलला की मला माझाच अभिमान वाटला आणि त्याच्याविषयीचा राग दुप्पट झाला.

तिसऱ्या अंकात दूत आला. "सरदार पडले, बाईसाहेब!" तात्यांनी पेटीवर सूर धरला. दिगंबर दोन पावलं मागे गेला, खाली बसला, पदर नाकापर्यंत ओढला आणि पहिला हेल काढला. बायकांच्या बाजूला थोडी चुळबुळ झाली. त्याने कपाळावर हात मारला, बांगड्या वाजल्या. दुसरा हेल. मग तो थांबला, दोन बोटांनी पदराची कड उचलली आणि लख्ख उजेडात, सगळ्या मंडपाच्या देखत, डावीकडून उजवीकडे नजर फिरवली.

कळंबची एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "अगो बाय! ही तं सासूला रडते!"

पहिल्यांदा चारपाच जणी हसल्या. मग ते लाटेसारखं पसरलं. "नवरा गेला का सासू गेली गं हिची?" "पाटल्या बघते, पाटल्या!" "सोड गं आता, घावल्या तुला!" पुरुषांना काही कळेना. ते माना वळवून आपापल्या बायकांकडे बघू लागले आणि त्या बघण्याने बायका आणखी हसू लागल्या. आणि दिगंबर? काय चुकलं हे बघायला त्याने पुन्हा पदर उचलला. तो जितका घाबरला तितका चोरून बघू लागला, आणि जितका चोरून बघू लागला तितकी ती सून खरी वाटू लागली. तात्या पेटी बडवत होते. शेवटी कोणीतरी पडदा सोडला.

मी आईकडे पाहिलं. ती तोंडाला पदर लावून हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आबा गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं, एवढं बास. पण ते बास नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी दिगंबर पोशीरला आमच्या दारात उभा. चालत आला होता. आई मागे आंब्याखाली होती. तो दबक्या आवाजात म्हणाला, "तू मला मुद्दाम फसवलंस."

"सांगा मंग नेरळात. सांगा, कांडपवालीच्या पोरीनं फसवलं."

सांगणार कसा? त्याने तर मुंबईच्या नटाचं नाव सगळीकडे सांगून ठेवलं होतं.

"चंद्रे, खालापूरला पुढच्या हप्त्यात प्रयोग आहे. तात्या म्हणतात, ते पहिलं रडणं परत आण, नाहीतर दुसरा मुलगा घेतो. पण माझ्याकडून ते आता होत नाही. सूप घेतलं की… नाही होत. एकदा पुन्हा दाखव."

"का होत नाय ते मला म्हाईत हाय," मी म्हणाले. "मी त्या दिवशी अंगनात होते."

मी पुढे बोलणार होते. माझा भाव ठरलेला होता. त्याने उभ्या गावासमोर माझ्या आईचे पाय धरून माफी मागायची. तोंड उघडलं आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की माफी मागायची तर कशाची, हे आईला सांगावं लागेल. तिला कळेल की नेरळच्या ओटीवर चार पोरं तिच्या दुःखावर लोळली होती. माझ्या हातात सगळं होतं आणि मला ते मागता येत नव्हतं. एवढा नागवणारा सौदा मी पुन्हा कधी केला नाही.

आणि तेवढ्यात आई मागून आली. "कोन हाय गं? अरं बाबा, तू! ये, बस. उन्हाचा चालत आलास?" तिने त्याला गूळपाणी दिलं. तो घोट घेईना. आई हसून म्हणाली, "लेकरा, तुझं समदं बेस झालं बघ. रडनं तेवढं चुकलं. ते नवऱ्याचं नव्हतं."

तो पुटपुटला, "तेच शिकायला आलो होतो."

"हिच्याकडं? ही काय दाखवनार? ही बाप गेला तवा दगड मारत सुटली होती. थांब, मी दावते."

मी म्हणाले, "आई, नको." ती म्हणाली, "गप गं. पोराचं काम अडलंय." आणि तिने पडवीतलं सूप घेतलं, त्यात मूठभर तांदूळ टाकले आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसली.

सुरुवातीला ती दाखवत होती. "असं बघ, हात थांबतो. मंग श्वास." श्वास आत गेला आणि तिचं बोलणं थांबलं. मला दिसलं की आता ती दाखवत नाही. तो जाडसर, सपाट आवाज पडवीभर झाला. बोटं तांदळात फिरू लागली. दिगंबर तिच्यापासून एका हातावर बसला होता. त्याने मान खाली घातली, मग तोंड वळवलं, मग उठला. मी दारात जाऊन उभी राहिले.

आजवर मी त्याला तुमी म्हणत आले होते.

"बस खाली," मी म्हणाले. "जातोस कुठं? शिकाया आलास ना? वर बघ. तिच्या तोंडाकडं बघ."

तो बसला. मी दारातून हलले नाही. आई रडत राहिली, किती वेळ ते सांगता येणार नाही. सावली अंगणातून पडवीच्या कडेला आली होती. त्याने एकदा मान खाली घातली तेव्हा मी पुन्हा म्हणाले, "वर बघ." त्याच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. मला त्याची दया आली नाही. आजही येत नाही. जे त्याने फुकट हसून उडवलं होतं ते मी त्याला दाण्यादाण्याने बघायला लावलं.

आई थांबली तेव्हा तो उठला. तिच्या पायांना हात लावला आणि नेरळच्या वाटेने निघून गेला. खालापूरच्या प्रयोगात तो उभा राहिलाच नाही. ते काम दुसऱ्या मुलाने केलं. दिगंबरने पुन्हा कधी तोंडाला रंग लावला नाही.

आईने सूप बाजूला ठेवलं, डोळे पुसले आणि वाटेकडे बघत राहिली.

"असा का गेला गं पोर?" ती म्हणाली. "मी नीट दावलं नाय काय?"

"नीट दावलंस," मी म्हणाले.